कोरा ठोका

भट्टीजवळ तोंडाने बोलून भागत नाही. एकीकडे भात्याचा फुसफुसाट, दुसरीकडे लोखंडाचा ठणठणाट, त्यात कोण कोणाचं ऐकणार? म्हणून लोहाराची हातोडी बोलते. डाव्या हातातल्या सांडशीत तापलेलं लोखंड धरून ते तो ऐरणीवर ठेवतो आणि उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने त्यावर हलकेच एक ठोका देतो. बरोबर त्याच जागी समोर उभ्या माणसाचा घण पडायला हवा. हातोडी सरकली की घण सरकायचा, हातोडी जोरात पडली की घणही जोरात पडायचा. आणि लोखंड सोडून हातोडी ऐरणीच्या मोकळ्या अंगावर वाजली, टिंग असा रिकामा आवाज आला, की घण थांबवायचा. त्याला कोरा ठोका म्हणतात. तो वाजेपर्यंत घण घालणाऱ्याने आपल्या मनाने थांबायचं नाही. हात भरून येवोत, डोळ्यांत घाम उतरो, थांबायचं नाही. कारण मध्येच थांबलं आणि लोखंड वाकडं गेलं तर त्याचं खापर घण घालणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं.

या घरात घण घालायची ती लोहारीण. तिच्या आधी तिची सासू घालायची. अवजारं घ्यायला आलेले लोक दारात टेकून बघत राहायचे आणि म्हणायचे, काय ताकद आहे बाईची! कौतुकाला काय लागतं? तिला मात्र वाटायचं, एवढं बघण्यापेक्षा एखाद्याने तांब्याभर पाणी आणून दिलं असतं तर बरं झालं असतं.

कापणी तोंडावर आली होती. विळे, कोयते, कुदळी यांचा दारात ढीग पडला होता आणि ज्याचं त्याचं काम कालच व्हायला हवं होतं. त्या दुपारी एका जाड कुदळीचं काम चाललं होतं. छपराचा पत्रा इतका तापला होता की भट्टी आत आहे की बाहेर हे कळत नव्हतं. सकाळपासून तिचा उजवा खांदा आतून ठणकत होता.

"अहो, हात भरून आलाय माझा," ती ओरडून म्हणाली.

"एवढा ताव होऊ दे. लोखंड लाल आहे तोवर घाल," लोहार म्हणाला. त्याची नजर कुदळीवर होती.

ताव म्हणजे एकदा तापवून आणलेलं लोखंड गार होईपर्यंतचा वेळ. तो वाया घालवणं लोहाराच्या जिवावर येतं. तिने घण उचलला. घण डोक्यावर गेला, पुढे येण्याऐवजी मागे ओढ खाऊ लागला, आणि खांद्यात काहीतरी आपली जागा सोडून पुढे सरकलं. घण तिच्या पाठीमागे धप्पकन पडला. इकडे लोहाराची हातोडी ठोका देऊन वाट बघत होती.

"अगं, घाल ना! गार होतंय!" तो खेकसला.

मग त्याने वर पाहिलं. तिचा हात अंगापासून जरा बाहेर लोंबकळत होता आणि खांद्याची गोलाई जाऊन तिथे खाच पडली होती. ती ओरडली नाही. दुसऱ्या हाताने तो हात धरून ती हळूहळू जमिनीवर बसली, आणि मग मात्र तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की भात्यावर बसलेली सासू दोरी सोडून उठली.

इस्पितळात डॉक्टरांनी तिला आडवं केलं, काखेखालून चादर घालून एकाला धरायला लावलं आणि हात सावकाश ओढत सांधा जागेवर आणला. आत गेला तेव्हा तिला एवढं बरं वाटलं की ती रडायलाच लागली. फोटो काढून झाले. हाड मोडलेलं नव्हतं.

"सध्या तरी ऑपरेशन करायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. "हात गळ्यात बांधून ठेवा. मग आमच्या व्यायामाच्या बाई शिकवतील तसे व्यायाम करा. हात डोक्यावर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. वेळ लागेल. घाई केलीत तर पुन्हा निसटेल, आणि त्याला निसटायची सवय लागली की मग अवघड आहे."

"घण कधी घालता येईल?" लोहाराने विचारलं.

डॉक्टर तिच्या गळ्यात झोळी बांधत होते. "घणाचं नंतर बघू."

लोहाराने त्यातला 'नंतर' तेवढा ऐकला आणि त्याला धीर आला.

घण घालायला पैलवान आला. गावात त्याला सगळे पैलवानच म्हणायचे, कारण लहानपणी त्याने कधीतरी एक कुस्ती मारली होती. ताकद रेड्याची, पण कान अजिबात नाही. हातोडी कुठे पडली, हा घण कुठे घालणार, काही मेळ नसायचा. एकदा तर त्याने लोखंडाऐवजी सांडशीवरच घण घातला. सांडशी चेपली आणि लोहाराचा हात संध्याकाळपर्यंत झिणझिणत राहिला. "उस्ताद, तुम्ही तोंडाने सांगा ना, डावीकडे घाल, उजवीकडे घाल," पैलवान म्हणायचा. लोहार आत येऊन बायकोजवळ बसायचा आणि तिच्या गळ्यातल्या झोळीकडे बघायचा. ते बघणं तिला नकोसं व्हायचं. कोणी ताटातल्या घासाकडे बघत बसावं तसं व्हायचं तिला.

आडवं झोपता येत नव्हतं. भिंतीला टेकून, उशीवर हात ठेवून ती बसल्या बसल्या झोपायची. केसांचा गुंता झाला होता. एका हाताने आणि दातांनी फडकं ओढून ती तो झाकायची. त्यातून सासूची वेणी रोज सकाळी घालावी लागायचीच. लग्न होऊन आली तेव्हापासून म्हातारी कंगवा घेऊन तिच्यापुढे पाठ करून बसायची, राणीसारखी. आजवर तिने ते मनातल्या मनात चरफडत केलं होतं. आता डाव्या एका हाताने विंचरताना ती म्हणाली, "आई, चार दिवस राहू द्या ना तसेच."

"हात एकच मोडलाय ना? दुसरा आहे की," म्हातारी म्हणाली. "मी जन्मभर घण घातला. कधी बोभाटा केला नाही."

हात झोळीतून निघाल्यावर व्यायामाच्या बाईंनी शिकवायला सुरुवात केली. वाकून उभं राहायचं आणि हात झोक्यासारखा सैल सोडायचा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी, जिथे दुखेल तिथे थांबायचं आणि उतरायचं. भट्टीच्या मागच्या भिंतीवर ती हे करायची. तिची बोटं कोळशाची, भिंत पांढरी. रोज बोटांच्या काळ्या ठशांची रांग भिंतीवर चढायची. कमरेपासून छातीपर्यंत, छातीपासून हनुवटीपर्यंत. म्हातारी कुरकुरायची, भिंतीची वाट लावली म्हणून. पण एकदा तिनेच पुसायला घेतलेलं फडकं ठेवून दिलं आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा वर गेलाय." लोहारणीला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी सडकून भूक लागली.

मग एका सकाळी फळीवरचं पातेलं घसरलं. ती विचार न करता धरायला गेली. तेवढ्यानेच खांदा निसटला. पुन्हा इस्पितळ, पुन्हा चादर, पुन्हा झोळी.

या वेळी तिच्या मनातही काहीतरी निसटलं. पहिल्या वेळी दुखलं होतं. आता भीती बसली. आपलाच हात आपल्याला दगा देणार, हे कळल्यावर माणूस जगतो कसा? ती कुशीवर वळायला घाबरायची, शिंकायला घाबरायची, कोणी मागून हाक मारली तर चटकन वळायला घाबरायची. बाईंनी परत व्यायाम सुरू करायला सांगितलं तेव्हा ती भिंतीसमोर जाऊन नुसती उभी राहायची. बोटं काही चढायची नाहीत.

हे सगळं लोहार बघत होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला एकच गोष्ट येत होती, आणि तीच त्याने केली. एके दिवशी सुतळी घेऊन त्याने तिच्या दंडाचं आणि कमरेचं माप घेतलं, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला घेतात तसं. दोन दिवस पैलवानाला भात्यावर बसवून तो एकटाच ठोकत राहिला. मग ते घेऊन आत आला. लोखंडी पट्टीचं एक कडं दंडासाठी, बिजागरीचं. दुसरा पट्टा कमरेला. दोन्हींना आतून जुन्या गोधडीचा तुकडा शिवलेला, लागू नये म्हणून. आणि दोन्हींच्या मध्ये आखूड साखळी. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर जाऊ लागला की साखळी ताठ व्हायची.

"आता निसटून दाखव म्हणावं त्याला," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. त्याने कडा इतक्या घासल्या होत्या की बोट फिरवलं तर कुठे खरखर लागत नव्हती.

खरं सांगायचं तर तिलाही ते आवडलं. साखळी ताठ झाली की तिला हायसं वाटायचं. दाराला आतून कडी घातल्यासारखं. ती ते दिवसा काढेना, झोपतानाही काढेना. आणि हात छातीपर्यंत येतो म्हटल्यावर, आठवड्याभराने लोहार म्हणाला, "अर्ध्या उंचीवरून घातलास तरी चालेल. विळ्यांना काय लागतं?" पैलवानाला रजा मिळाली. ती कमरेजवळून घण घालू लागली. घण हलकाच पडायचा, पण पडायचा बरोबर जागेवर. लोहाराच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

लोक बघायला यायचे. "उस्ताद, बायको पळून जाईल म्हणून साखळी घातली का?" एकाने विचारलं. सगळे हसले. लोहारही हसला. तीही हसली, कारण घण हातात असताना दुसरं काय करणार? पण ते हसणं तिच्या घशात दिवसभर राहिलं. कमरेच्या पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलवटली होती. इस्पितळाकडे ती फिरकलीच नाही. निसटत नाही म्हणजे बरा झाला, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. भिंतीवरचे ठसे हनुवटीपाशी थांबले ते थांबलेच.

रब्बीची कापणीही संपली. एक दिवस अंगावर पाणी घ्यायला तिने कडं काढलं, आणि मुद्दाम, बघावं म्हणून, हात वर न्यायला गेली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. साखळी नव्हती, तरी थांबला. तिने जोर केला. आत गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी अडलेलं होतं. दुखून तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. डाव्या हाताने उचलून पाहिला, तरी तो तिथेच. न्हाणीत बसून तिने ओला हात मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे परक्यासारखं पाहत राहिली.

इस्पितळात लोहार कडं बरोबर घेऊन गेला. त्याला वाटत होतं, बाई त्याचं काम बघून खूश होतील. बाईंनी ते हातात घेतलं, बिजागरी उघडून पाहिली, आतली गोधडी पाहिली.

"काम फार सुबक केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण हे किती दिवस घातलं?"

"काढलंच नाही," लोहारीण म्हणाली.

बाईंनी एक सुस्कारा सोडला. "मावशी, सांधा धरलाय. निसटू नये म्हणून बांधून ठेवलात, आता तो हलायचंच विसरलाय. आणि तुम्ही व्यायामाला आला नाहीत."

"मग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. रोज, थोडं थोडं. वर्ष जाईल, कदाचित जास्तही. वेणी घालता येईल एवढा हात आपण आणू. पण घण..." त्यांनी मान हलवली. "घण नाही."

घरी येताना लोहार दोन पावलं पुढे चालत होता. कडं त्याच्या पिशवीत खुळखुळत होतं. मध्येच थांबून तो म्हणाला, "मी तुझ्यासाठीच केलं होतं."

"मला माहीत आहे."

"मग अशी का बघतेस?"

"कशी बघते? माहीत आहे म्हणाले ना."

तो पुन्हा चालू लागला. त्याच्यावर धड रागवता येईना, हेच तिला सगळ्यात जास्त जाचत होतं. मारकुटा असता, दारुडा असता, तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. गोधडीचा तुकडा शिवणाऱ्या माणसाला काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी कंगवा घेऊन पाठ करून बसली तेव्हा ती जागची हलली नाही.

"आई, आज तुम्ही माझी घाला."

"मी? मला कुठे येतं आता."

"डोळे तर चांगले आहेत तुमचे. पैलवानाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण तुम्हाला दारातून दिसतं."

म्हातारी उठून खाटेवर बसली. "बस. खाली बस. आणखी खाली. पाय पसर, म्हणजे डोकं खाली येईल." लोहारीण जमिनीवर जवळजवळ आडवी झाली तेव्हा कुठे म्हातारीचे हात तिच्या केसांना लागले. कंगवा लागत होता, ओढत होता, पण वर टाळूपर्यंत जात नव्हता. तिने मान वळवून पाहिलं. म्हातारीची दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली होती. नुसती मनगटं हलत होती.

"हात वर घ्या ना जरा," ती म्हणाली.

"येत असता तर घेतला नसता?"

लोहारणीला एकदम सगळं दिसायला लागलं. वरच्या फळीवर म्हातारीचं कधीच काही नसायचं. भात्याची दोरी उगाच एवढी लांब सोडलेली, मांडीपर्यंत. आणि रोजची ती राणीसारखी पाठ.

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून. खांदा निसटला, तुझ्या सासऱ्याने काखेत पाय देऊन ओढला, बसला. दुसऱ्या दिवशी घण हातात. मग पुन्हा. मग दुसरा."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू घण धरला असतास?"

"नसता धरला!"

"मग मला कोण सोडवणार होतं त्यातून?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "मी वाटच बघत होते तुझी. तू आलीस त्या दिवशी मी घण धुऊन पुसून ठेवला होता."

लोहारीण उठून बसली. अर्धी वेणी तशीच सुटली. तिला संताप आला होता, हात उगारावासा वाटावा असा संताप, आणि हात तर वर जात नव्हता. "मला अडकवलंत," ती म्हणाली.

"हो," म्हातारी म्हणाली. "अडकवलं." थोड्या वेळाने तिने कंगवा पुसला. "तुझ्या सासऱ्याने एकदाही कोरा ठोका वेळेवर दिला नाही. बाप तसा, लेक तसा. त्यांना लोखंड लाल आहे एवढंच दिसतं. समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. बस खाली. वेणी अर्धी राहिली."

ती बसली. दुसरं कुठे जाणार होती?

पेरणीची अवजारं यायला लागली तेव्हा पैलवान दगडाच्या खाणीवर कामाला गेला होता. तिथे म्हणे ठोका कुठेही पडला तरी दगड फुटतोच. दुसरं कोणी मिळेना. दारात कुदळींचा ढीग पुन्हा वाढला. लोहार एकटाच सांडशी गुडघ्यात धरून ठोकायचा प्रयत्न करत होता, आणि दर खेपेला लोखंड निसटून राखेत पडत होतं. ओट्यावर दोघेतिघे वाट बघत बसले होते, आणि त्यातला एक दुकानातल्या तयार कुदळी कशा चांगल्या असतात ते मुद्दाम मोठ्याने सांगत होता.

लोहारीण मागच्या भिंतीपाशी होती. तिची बोटं नुकतीच छातीच्या वर चढून उतरली होती. ती आत गेली आणि कडं, पट्टा आणि साखळी घेऊन आली. ते तिने भट्टीत टाकलं. गोधडीचा तुकडा भडकून जळाला.

"हे काय करतेस?" लोहार म्हणाला.

"चांगलं लोखंड आहे. वाया का घालवायचं?" तिने सांडशी डाव्या हातात घेतली. मग त्याच्यासमोर उजवा हात धरला. "हातोडी द्या. घण तुम्ही घ्या."

ओट्यावरची बडबड थांबली.

"काहीतरीच काय," तो हळू आवाजात म्हणाला. "लोक काय म्हणतील? लोहाराने बायकोच्या हातोडीवर घण घालायचा?"

"हातोडीला हात वर न्यावा लागत नाही. घणाला लागतो. माझा जात नाही, तुमचा जातो."

"तुला जमेल का? लोखंड ओळखता यायला हवं."

"इतकी वर्षं दुसरं काय बघत उभी होते मी?"

म्हातारी भात्याची दोरी ओढत होती. दोरी न थांबवता ती म्हणाली, "घे रे घण. कुजबुजत काय बसलास."

त्याने घण घेतला. ऐरणीच्या पलीकडे, तिच्या जागेवर जाऊन उभा राहिला. जमिनीत तिच्या पावलांनी पडलेले दोन खळगे होते, त्यात त्याचे पाय नीट मावेनात. पट्टा लाल झाला तसा तिने बाहेर काढला, ऐरणीवर ठेवला, आणि कोपर अंगाशी धरून ठोका दिला. घण पडला, पण बाजूला. तिने पुन्हा तिथेच ठोका दिला. या वेळी घण जागेवर पडला. मग ठोका आणि घण, ठोका आणि घण. पट्टा दुमडला, एकजीव व्हायला लागला. ओट्यावरचा एकजण उठून पुढे येऊन बघू लागला.

ही काही सुटका नव्हती, हे तिला कळत होतं. ऐरणीची बाजू बदलली होती, एवढंच. उद्याही इथेच उभं राहायचं होतं, हाच धूर आणि हीच राख, आणि रात्री तोच खांदा. पण कोरा ठोका आता तिच्या हातात होता. तो द्यायचा की नाही, कधी द्यायचा, हे ती ठरवणार होती. आणि तिला द्यावासा वाटत नव्हता. घाला, तिच्या मनात येत होतं, घाला आणखी. लाल आहे तोवर घाला. ती ठोके देत राहिली. त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला, तोंड उघडं पडलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने लोखंडाकडे पाहिलं आणि ठोका दिला.

मग घण डोक्यावर गेला असताना तिची नजर वर गेली. त्याचं कोपर थरथरत होतं. घण मागे ओढ खायला लागला होता. ही जागा तिला ठाऊक होती. याच्या पुढे काय होतं तेही ठाऊक होतं.

तिने ऐरणीच्या मोकळ्या अंगावर हातोडी वाजवली. टिंग.

घण कसाबसा त्याच्या पायाशी येऊन टेकला. दांड्यावर दोन्ही हात ठेवून तो धापा टाकत उभा राहिला.

"अजून लाल आहे," तो शेवटी म्हणाला.

"दिसतंय मला."

तिच्या सांडशीतल्या पट्ट्याची लाली हळूहळू उतरत होती. ताव वाया जात होता आणि ती तो जाऊ देत होती. लोहार त्याच्याकडे बघत राहिला, मग हातोडीकडे, मग तिच्या खांद्याकडे. कधी बरा होणार, हे त्या बघण्यात या वेळी नव्हतं.

"त्या दिवशी तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. "हात भरून आलाय म्हणून."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं."

आणि काळं पडलेलं लोखंड तिने पुन्हा भट्टीत ठेवलं.